मनकर्णेचं पारडं

सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोला-अमरावतीच्या मधल्या एका गावात तो भाव खुशालरावांच्या अंगावरही चढला. साठी उलटलेला हा गडी बघता बघता असा सुटला, की जेवायला पाटावर बसायचं तर भिंत धरावी लागे, आणि उठायचं तर नोकर. लोक म्हणत, "राव, अंग धरलं तुमी!" आणि राव खुलत. माणसाचं सुख अंगावर दिसलं पाहिजे, असं त्यांचं पक्कं मत. त्यांची बायको मनकर्णा मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती.

तिचं सुख वावरात होतं. कापूस फुटला की पराटीपुढं, म्हणजे कपाशीच्या झाडापुढं, दहीभाताचा नैवेद्य ठेवून सीतादही करायची आणि पहिलं बोंड घरच्या बाईनं आपल्या हातानं वेचायचं, ही रीत. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती कधी चुकवली नव्हती. दोघं मिळून वेचत आणि दुपारी बांधावर भाकर खात. भाव चढला तसं खुशालरावांनी फर्मान काढलं, "आता तू वावरात जायाचं नाई. लोक काय म्हन्तीन?" सीतादहीला मोलकरीण जाऊ लागली. मनकर्णा घरात बसली आणि बसल्या जागी तिची भूकच मेली. ताटातलं तूप थिजून जाई. खुशालरावांना ते दिसत नव्हतं असं नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, दुसरं काय!

त्या साली त्यांनी अंबादेवीचा नवस फेडायचं ठरवलं. नवरात्रात अमरावतीला दोघांची गूळतुळा करायची.

"तुयं पारडं बी भारी भरलं पायजे," ते म्हणाले.

"भरन. पन मंग यंदाची सीतादही मी करीन. मले एक डाव वावरात न्या."

"तुळा होऊ दे. मंग नेतो."

देवळापुढं कापसाचा मोठा काटा टांगला होता. खुशालरावांसाठी गुळाच्या भेल्या चढल्या, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. मग मनकर्णा बसली. तिच्याही पारड्यासमोर बऱ्याच भेल्या लागल्या. रावांनी ऐटीत चौफेर पाहिलं. पण ती उतरताना लुगड्याची गाठ सुटली आणि कमरेला बांधलेली लोखंडी वजनं फरशीवर खणखणत पडली.

खुशालरावांचा पारा चढला. "काहून केलं वं हे? देवीसमोर खोटं?"

"तुमाले भारी पारडं पायजे होतं," ती खाली बघत म्हणाली. "माया अंगात तं काईच राह्यलं नाई जी."

तेव्हा कुठं त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. पाटल्या गळून पडू नयेत म्हणून तिनं त्या पार कोपराजवळ चढवल्या होत्या. या बाईनं जन्मभर आपल्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि तीही आपण तुळेसाठी पुढं ढकलली, हे त्यांच्या काळजाला लागलं.

कापूस फुटला तोवर तिनं अंथरूण धरलं होतं. तरी खुशालरावांनी दमणी जुंपली, मोलकरणीला संगं घेतलं आणि दहीभाताची वाटी मनकर्णेच्या मांडीवर देऊन तिला वावरात नेलं. गाडी बांधाशी थांबली. समोर पराटी पांढरी झाली होती. मनकर्णेनं पाय खाली सोडले, पण तिला उभं राहवेना.

"थांब, मी उचलतो," खुशालराव म्हणाले. एके काळी पूर आलेल्या नाल्यातून त्यांनी तिला खांद्यावर घालून नेलं होतं. ते उतरायला गेले. गुडघ्यांनी दगा दिला, श्वास कोंडला. गाडीवानानं कसंबसं धरून त्यांना परत बसवलं. टोपलीभर कापूस उचलावा इतकी ती हलकी झाली होती, आणि एवढ्या मोठ्या अंगात तिला उचलण्याचं बळ नव्हतं. राव पोरासारखे रडले.

मनकर्णेनं थोडा वेळ पराटीकडं पाहिलं. मग वाटी मोलकरणीच्या हातात दिली.

"जाय बाई, तूच ठेव," ती म्हणाली. "उन्हानं दही आंबून राह्यलं."