डाव्या खांद्यातली लोकर

ते जहाज व्हेनिसच्या धक्क्याला येताना दिसलं आणि मी दाराला आतून अडसर घातला. जहाजभर पागोटेवाले तुर्कच तुर्क. मग कळलं की आपलेच खलाशी, लढाई जिंकून मेलेल्यांचे कपडे चढवून आलेत. गाव पोट धरून हसलं. माझी धडधड काही थांबेना. माझा नवरा बास्तियान चार वर्षांपूर्वी तुर्कांच्या हाती सापडला होता. ते कैद्यांना वल्ह्यांवर बसवतात, आणि आता तसे पुष्कळ सुटले होते. मी रोज धक्क्यावर जाऊन एकेक तोंड बघायचे.

आठव्या दिवशी त्याच जहाजाच्या कप्तानाची बायको, दोन्ना कियारेता, रेशमी झगा घेऊन दुकानात आली. आमच्या बायकांची तऱ्हाच अशी, तोंडात तुर्काला शिव्या आणि अंगात तुर्की झगा. मी असे कितीतरी शिवले आहेत.

"हा अस्सल आहे, ओर्सेता, तू शिवतेस तशी नक्कल नाही," ती म्हणाली. "रविवारी चर्चला घालायचाय. छातीवरचं भोक बुजव. आणि हा डावा खांदा का फुगतोय बघ."

मी अस्तर उसवलं. आत दोन बोटं जाड लोकर, फुलीच्या टाक्यांनी बसवलेली. तुर्की शिंपी खांद्यात भर घालत नाहीत, ती आमची रीत. आणि भर फक्त डाव्यात. बास्तियानचा डावा खांदा दोन बोटं खाली होता. त्याच्या प्रत्येक अंगरख्यात मी अशीच लोकर भरायचे, हे टाके त्याला मीच शिकवले होते.

म्हणजे तो वल्ह्यावर नव्हताच. त्यांच्यातलाच झाला होता.

"कुठे मिळाला, बाईसाहेब?"

"आमच्या ह्यांनी स्वतः त्याला मारून काढला. मेला शेवटी आपल्या बोलीत गयावया करत होता म्हणे. जिवासाठी काय काय शिकतात." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "पांढरी का पडलीस गं?"

मला ओरडावंसं वाटलं. पण धर्म सोडलेल्याची बायको म्हणून कुणी राजवाड्याच्या तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी टाकली असती, तर मी संपलेच असते.

"सकाळपासून पोटात काही नाही," मी म्हटलं.

"मग काढतेस ना ती लोकर?"

"काढते."

तिच्यासमोरच काढली आणि ओच्यात लपवली. भोक आतून बुजवलं.

रविवारी विजयाची प्रार्थना झाली. दोन्ना कियारेता पुढच्या रांगेत होती, मी तिच्या मागे गुडघे टेकून. झगा तिला अगदी चोख बसला होता.