सात कमानी, सातवा नंबर

"सहाव्या नंबरावर कोन हाय?" भिमाजीने विचारले.

धनश्रीने मोबाईलमध्ये पाहून घाटातल्या एका पुलाचे नाव सांगितले.

"त्याला कमानी किती?"

"एकच."

"आन् आपल्याला सात. तरी आपन खाली!"

धनश्री संगमनेरच्या कॉलेजातली. जिल्ह्यातल्या पाहण्यासारख्या दहा पुलांची यादी करत ती प्रवरेवरच्या या दगडी पुलापाशी आली होती. भिमाजी बांधकाम खात्याचा निवृत्त मैलकुली. म्हणजे एरवी खड्डे बुजवायचे आणि पूर आला की लाल निशाण घेऊन पूल अडवायचा. आता शेजारी नवा पूल झाला आहे. खाली नदी आहे हे त्यावरून जाणाऱ्यांना पाटी वाचून कळते.

"पण आजोबा, हा सोमवारी पाडणार आहेत. यादीतून काढावा लागेल. लोक येऊन बघणार काय?"

भिमाजीने टोपी काढून पुन्हा घातली.

"काढू नको, पोरी. पुलाला टोकं दोन आन् सरकारनं मानूस दिला एक. पलीकडं आमची रतनबाई हुबी राहायची. पानी चढायच्या आत भाकरी बांधून जायची."

तीस वर्षे बिनपगारी. कागदोपत्री पलीकडचे टोक आपोआप बंद होत असे.

"पान्याचा आवाज लई. हाक पोचायची न्हाई. मी निशान दोनदा वर केलं की, 'जेवलीस का?' तिनं दोनदा केलं की, 'जेवले.'"

"आणि तीनदा?"

"भांडन. ते घरी आल्यावर." तो हसला. "एकदा दोन दिवस पूर उतरला न्हाई. दोन्ही दिवस जेवले म्हनली. मागून कळलं, भाकरी अडकलेल्या यष्टीतल्या पोरास्नी वाटली हुती. निशानानं खोटं बोलली."

"आता कुठे असतात त्या?"

"गेली. तीन वर्सं झाली."

धनश्रीने यादी उघडली. सातवा नंबर तसाच ठेवला आणि 'कधी जावे' या रकान्यात लिहिले, 'सोमवारच्या आत.'

"फोटो पलीकडून काढते," म्हणून ती चालत गेली.

नदीला घोटाभर पाणी होते. हाक सहज पोचली असती. भिमाजीने पिशवीतून धुतलेले निशाण काढले आणि दोनदा वर केले.

पलीकडे धनश्री जरा थांबली. मग तिने ओढणी सोडून दोनदा हलवली. ओढणी पिवळी होती, पण पलीकडच्या टोकाचे खात्याने कधी मनावर घेतलेच नव्हते.

"खोटं बोलती," भिमाजी पुटपुटला. कठड्यावर बसून त्याने फडके सोडले आणि अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवली.