पथ्य पाळणारा डबा

मित्रांनो, माझ्या पोटावर अजून 'मोतिया पांढरा, वीस लिटर' अशी अक्षरं आहेत. ती वाचून कोणी माझ्याकडे रंग मागायला येऊ नका. मी एक जुना रंगाचा डबा आहे खरा, पण रंग संपून दहा वर्षं झाली. सध्या मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत राहतो आणि भाज्यांची सालं खातो.

माझा जन्म कारखान्यात, साच्यातून झाला. त्याच दिवशी माझ्यासारखे आणखी चार हजार झाले, त्यामुळे कौतुक वगैरे कोणी केलं नाही. पण या दोन खोल्यांच्या घराच्या भिंती रंगल्या त्या माझ्या पोटातल्या रंगाने. बाल्कनीच्या दारातून समोरची भिंत दिसते. तिच्याकडे मी आजही लेकीकडे पाहावं तसा पाहतो. लेकीला मधे जरा ओल आली आहे, पण ते असो.

रंग संपल्यावर मी पडेल ते काम केलं. नळ जायचा तेव्हा पाणी साठवलं. कपडे भिजवले. दिवा बदलायचा असला की मला पालथा घालून वर उभे राहत. एकदा घरचे कर्ते पुरुष माझ्यावर चढले, तेव्हा त्यांचं खरं वजन मला कळलं. ते मी कोणाला सांगितलं नाही. गुपित पोटात ठेवायची सवय मला तेव्हापासूनची आहे. पुढे नवी बादली आली आणि माझी रवानगी बाल्कनीच्या कोपऱ्यात झाली, एक फाटकी छत्री आणि जोडीदार हरवलेला एक बूट यांच्या सोबतीला. बूट फार बोलत नसे.

मग हिवाळा संपता संपता घरात एक कागद आला.

घरचे कर्ते पुरुष म्हणजे आमचे ड्रायव्हरसाहेब. गेली बावीस वर्षं ते टेकडीवरच्या वसाहतीपर्यंत जाणारी बस चालवतात. रस्ता असा वळणावळणाचा की नवा माणूस दुसऱ्या दिवशी बदली मागतो. साहेबांचा हॉर्न त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा ओळखू येतो. कागद डेपोच्या डॉक्टरांचा होता. रक्तातली साखर फार वाढली आहे, अडीच महिन्यांत ती उतरली नाही तर बस काढून घेण्यात येईल, आणि साहेबांना डेपोतल्या 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसवण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं.

"खिडकीत," साहेब कागदाची घडी घालत म्हणाले. "बावीस वर्षं मी खिडकीतून जग बघितलं. आता जग खिडकीतून मला बघणार. आणि तेही छत्री हरवलेलं."

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, तो कागद घेऊन पुन्हा वाचू लागल्या. बाई घरीच कपडे शिवतात. आधी माप, मग कात्री, आणि बोलणं सगळ्यात शेवटी, असा त्यांचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून बी-बियाणं आणलं आणि बाल्कनीत कुंड्यांची रांग लावली. पालक, मुळा, कोथिंबीर, पुदिना, बीट, गाजर, कठड्यावर चढवायला मटार आणि काकडी. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. बुटावरून आणि छत्रीवरून फिरून ती माझ्यावर थांबली.

स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवून त्यांनी मला चोवीस भोकं पाडली. या जागी आम्हा वस्तूंनी 'मला किती यातना झाल्या' असं लिहायची पद्धत आहे. खरं सांगू का, गुदगुल्या झाल्या.

अशा रीतीने मी खताचा डबा झालो. माझाही आहार ठरला. एक थर ओला, म्हणजे सालं आणि देठं. त्यावर एक थर सुका, म्हणजे वाळकी पानं, भुसा आणि फाडलेलं वर्तमानपत्र. शिजवलेलं, खारट आणि तेलकट सक्त मना. म्हणजे साहेबांना पथ्य लागलं त्याच दिवशी मलाही लागलं. फरक इतकाच की मी ते पाळायचं ठरवलं होतं.

पहिल्या पाळीची बस लावून साहेब दोनला घरी येत. बाईंनी ताट तयार ठेवलेलं असे, कुंड्यांना भाजी येईपर्यंत बाजारातल्या भाजीचं. उकडलेले मटार, बिटाच्या चकत्या, काकडी, वाटीभर पालकाचं सूप, आणि मधोमध गाजराची फुलं. हो, फुलं. शिवणाच्या लहान कात्रीची एक बहीण बाईंनी स्वयंपाकघरात ठेवली होती. त्या कात्रीने बाई गाजराच्या चकत्यांना पाच-पाच पाकळ्या काढत. माणूस आजारी आहे, निदान ताट तरी हसरं असावं, असं त्यांना वाटे.

"मी बाल्कनीत बसून खातो गं," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "हिरवळीत भूक लागते."

बाईंना बरं वाटलं. त्या पुढच्या खोलीत मशीनवर जाऊन बसल्या. मशीनची टकटक सुरू झाली. साहेबांनी ताटाकडे पाहिलं. उतारावर ब्रेक लागेनासा झाला की माणूस जसा समोर पाहत असेल, तसं. मग इकडेतिकडे बघून त्यांनी माझं झाकण उघडलं.

"माफ कर बाबा," असं मला म्हणाले, आणि आख्खं ताट माझ्या पोटात. नंतर त्यांनी खिशातून डेपोच्या कँटीनमधला क्रीमचा बन काढला आणि डोळे मिटून खाल्ला. टकटक चालू असेतो त्यांना रान मोकळं होतं.

तेव्हापासून रोज हेच. मित्रांनो, त्या घरात सगळ्यात सकस आहार मला मिळत होता.

आता गंमत ऐका. पुरावा वर दिसू नये म्हणून साहेब मोठ्या डावाने मला खालवर करून ठेवत. खताला ढवळणं म्हणजे औषधच. माझ्या बुडातून दाट काळं पाणी झिरपू लागलं. बाई ते साध्या पाण्यात मिसळून कुंड्यांना घालत. कुंड्या पिसाळल्या. पालकाची पानं हाताच्या पंजाएवढी झाली, काकडीने कठडा सोडून कपडे वाळवायची दोरी धरली. भाजी जास्त आली म्हणून ताटात जास्त वाढली गेली. ताटात जास्त, म्हणून डब्यात जास्त. डब्यात जास्त, म्हणून पुन्हा कुंडीत जास्त. ज्या काकडीपासून साहेब पळत होते, तिला तेच दोन्ही हातांनी खाऊ घालत होते.

"यांना बागेचं वेड लागलंय," बाई खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना सांगत. "जेवण झालं की स्वतः खत ढवळतात. ताट तर असं लख्ख, की घासायचं राहू दे."

"माणसं बदलतात हो वहिनी," नर्सबाई म्हणाल्या. त्या रोज इस्पितळात माणसं बघत असल्यामुळे त्यांचा आवाज जरा शंकेखोर होता. "भाऊंना एकदा खाली पाठवा, बोट टोचून शुगर बघते."

भाऊंना त्या दिवसापासून जिन्यात नर्सबाई दिसल्या की काहीतरी वर विसरलेलं आठवू लागलं.

महिना झाला तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. टेप न लावता, नुसत्या लख्ख ताटावर विश्वास ठेवून त्यांनी साहेबांच्या युनिफॉर्मच्या दोन्ही पँटी कमरेत दोन-दोन इंच आत घेतल्या.

"बसली ना बरोबर?"

"मापात," साहेब श्वास रोखून म्हणाले. बाल्कनीत येऊन त्यांनी श्वास सोडला. हूक काही लागला नव्हता. त्यांनी तिथे एक मोठी सेफ्टी पिन लावली आणि वरून पट्टा ओढला. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. खोटं पचलेल्या माणसाचा नव्हता तो.

वसंत उतरणीला लागला. ऊन तापू लागलं आणि मी आजारी पडलो. दोष माझा नव्हता. ओल्यावर ओलं, त्यावर मीठ-लिंबू लावलेली काकडी, त्यावर पालकाचं सूप. सुकं घालायचं बाईंच्या हातात, पण आत ओलं किती जातंय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्या पोटात नुसता चिखल झाला. चिलटं आली. मग वास आला. तो कसा होता ते सांगत नाही, तुमच्यापैकी काही जण जेवता जेवता वाचत असतील.

एका रविवारी सकाळी नर्सबाई नाकाला पदर लावून वर आल्या. "वहिनी, माझ्या चहाच्या कपात चिलटं पोहतायत. वर काय पाळलंय तुम्ही?"

बाईंनी माझं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. खाली भंगारवाल्याची हाक ऐकू येत होती. त्यांनी कठड्यावरून वाकून त्याला वर बोलावलं.

साहेब रविवारच्या जादा दुपारपाळीसाठी कपडे करून दारात उभे होते. डेपोच्या तपासणीला पंधरा दिवस राहिले होते. मी गेलो असतो तर सगळा पुरावा माझ्याबरोबर गेला असता. भंगारवाल्याने माझी कडी धरली. साहेब गप्प. मी तर काय, जन्माचाच गप्प.

"याचं काही चुकलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या. "माझंच चुकलं. दोन महिने झाले, साधं खत जमेना. उद्या कुंड्याही कोणाला तरी देऊन टाकते. आपल्या हाताला मशीनच बरी."

मित्रांनो, साहेबांना याहून मोठं बक्षीस मिळणं शक्य नव्हतं. ना बाग, ना काकडी, ना पालक. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मी बावीस वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने कचकन ब्रेक मारला.

"ठेव तो डबा," ते भंगारवाल्याला म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी माझी दुसरी बाजू धरली. "अगं, तुझं काही चुकलं नाही. त्याच्या पोटात जे आहे ना, ते माझं जेवण आहे."

"कधीचं?"

"पहिल्या दिवसापासूनचं."

वाकल्यामुळे तेवढ्यात पिन उघडली आणि जिथे टोचू नये तिथे टोचली. साहेब "आई गं" म्हणून सरळ झाले. बाईंनी पुढे होऊन त्यांचा शर्ट वर केला.

"हे काय?"

"पिन."

"ते दिसतंय मला."

बाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे," त्या शेवटी म्हणाल्या, "दोन महिने मी डब्याला फुलं कापून वाढत होते."

"तरीच त्याची तब्येत बिघडली," नर्सबाई पदराआडून म्हणाल्या. "आणि भाऊंची सुधारली नाही."

भंगारवाला अजून कडी धरून होता. "बाई, मग नेऊ का नको?"

"हा राहू दे. यांचं काय देता?"

भंगारवाल्याने साहेबांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "चालू स्थितीत नाहीत," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

"आवडत नाही म्हणून सांगता येत नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"तू फुलं कापत होतीस," साहेब म्हणाले. "फुलाला नको कसं म्हणायचं?"

"मग आवडतं तरी काय? बन सोडून सांगा."

साहेबांनी खूप विचार केला. मग कठड्यावरच्या मटाराची एक शेंग तोडली, फोडली आणि दाणे कच्चेच तोंडात टाकले. "हे," ते जरा आश्चर्याने म्हणाले. "हे असं लहानपणी खायचो. उकडलेलं नाही."

त्या दिवशी ठरलं, की दुपारचं जेवण साहेबांनी स्वतः तोडायचं, स्वतः करायचं आणि स्वतः खायचं. पहिल्या दिवशी त्यांनी कोवळा मुळा पाल्यासकट परतला आणि जाळला. दुसऱ्या दिवशी कमी जाळला. चौथ्या दिवशी तव्यावर भाजलेलं गाजर, लसूण आणि वरून मूठभर कोथिंबीर असा काहीतरी प्रकार झाला, त्याचा वास पुढच्या खोलीत गेला आणि मशीन थांबली. पूर्वी मशीन थांबली की साहेब दचकत. त्या दिवशी त्यांनी दुसरं ताट घेतलं. नर्सबाई रोज संध्याकाळी वर येऊन बोट टोचत आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत. कँटीनवाल्याने बन शिळे होतात अशी तक्रार केल्याचं कानावर आलं.

मलाही भुसा मिळाला, ऊन मिळालं, वर्तमानपत्राचे अग्रलेख मिळाले. ते फार कोरडे असतात, त्यांनी ओल चटकन शोषली. आठवड्याभरात माझ्या पोटाला मातीचा वास आला.

पंधरा दिवसांनी डेपोच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर पुरती उतरली नव्हती, पण उताराला लागली होती. बस राहिली, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली. "उतार मला चालवता येतो," साहेब घरी येऊन म्हणाले. त्या उन्हाळ्यात एका सकाळी पँटीचा हूक पिनेशिवाय लागला. त्यांनी ती पिन आणून माझ्या कडीला अडकवली. अजून तिथेच आहे. थोडी गंजली आहे.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखा एखादा जुना डबा असेल तर त्याला टाकू नका. सालं द्या, देठं द्या, वाळकी पानं द्या, तो त्याचं सोनं करेल. पण तुमच्यासाठी कोणी मन लावून वाढलेलं ताट त्याच्या पोटात लपवू नका. आवडत नसेल तर तोंडाने सांगा. डब्याला तोंड असून बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

मी आता फक्त सालं खातो आणि ठणठणीत आहे. फुलं अजून रोज कापली जातात, ती दोन ताटांत वाटली जातात, माझ्यापर्यंत एकही येत नाही. तेच बरोबर आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं, फुलं फार सुंदर होती.