पाइनच्या झाडांखालचं मैदान

मी एक जुना वेन्यो आहे. टोकाला वाकलेली, लुमाच्या लाकडाची काठी. मला बघून पाहुणे विचारतात, ही म्हातारपणी वाकली का? मित्रांनो, मी जन्मापासूनच वाकडा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. सरळ काठीनं पालिन, आमच्या लोकांचा हॉकीसारखा खेळ, खेळून दाखवा, मग बोलू.

माझा मालक पायलान तरुण होता तेव्हा तो लुमाच्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिला. मला का तोडतोय, कशासाठी नेतोय, हे त्यानं झाडाला सांगितलं आणि मगच कोयता लावला. मला विस्तवावर शेकलं, चरबी चोळली. माझी मूठ त्याच्या तळव्याला अशी बसली की त्याची बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस की ह्या काठीशी?"

आमचं मैदान नदीच्या अलीकडे होतं. लांबच लांब आणि अरुंद, पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेलं. दोन्ही बाजूंचे गडी अनवाणी उतरायचे. मधल्या खळग्यात चेंडू ठेवायचे आणि तो उकरून काढायला दोघं समोरासमोर वाकायचे. पालिनमध्ये प्रत्येकाला समोरचा एक गडी ठरलेला असतो. मैदानात त्याला आडवा करायचा आणि खेळ संपला की त्याचं ताट आपण वाढायचं. हे नातं जन्माचं. पायलानच्या समोरचा गडी नदीपलीकडचा लिन्कोपान. मी त्याची नडगी दोनदा फोडली आहे. त्याच्या काठीनं माझा एक टवका उडवला आहे. फिटंफाट.

एकदा नदीपलीकडच्यांनी आम्हाला खेळायला बोलावलं, पोटभर जेवू घातलं. आता परतीचा सामना आमच्या मैदानावर द्यायचा होता. आमच्यात हे बोलावणं चुकवत नाहीत. पाहुणचार घ्यायचा आणि परत करायचा नाही, याच्यासारखी लाज नाही.

पण त्याआधीच जमीन हिसकावायला शिपाई आले, काटेरी तारांची कुंपणं आली. आमची घरं ओढ्याकाठच्या खडकाळ पट्टीत ढकलली गेली. मागून लाकूड कंपनी आली आणि घरांच्या जागी, चराईत, मैदानावर, सगळीकडे पाइनची झाडं ओळीनं लावली. औषधाच्या वनस्पती गेल्या. ओढा आटला. पूजेला उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून पूजा बंद पडली. पोरांना पालिन ऐकूनच ठाऊक.

मला छपराच्या आढ्याला खोचलं होतं. खाली चूल, वर मी. धुरानं काळाठिक्कर झालो. एका साली तर घरच्यांनी माझ्या वाकड्या टोकानं अंगणातल्या हंसांना हाकललं. हंसांना! ज्यानं लिन्कोपानची नडगी फोडली त्याला ह्या कामाला जुंपलं!

बाजारात लिन्कोपान भेटला की ठरलेलं असायचं. "काय रे पायलान, मैदान कुठं ठेवलंस? उशाखाली?"

"आहे तिथंच आहे. वर झाडं वाढलीत, एवढंच."

"मग जेवायला कधी बोलावतोस? तुझी वाट बघून माझे दात पडले."

पायलान तिथं हसायचा. घरी आल्यावर मात्र जेवायचा नाही.

त्याची मुलगी किन्तुराय शहरात कपडे शिवायची. बाप आजारी पडला म्हणून आली आणि राहिली. मेंढ्या घेऊन ती समोरच्या टेकडीवर जायची. एका दुपारी ती धापा टाकत घरात शिरली. "बाबा, वरून बघितलं तर एका पट्टीतली झाडं खुरटी आहेत. बाकीची उंच आणि मधे लांबलचक पट्टीच बुटकी."

पायलान अंथरुणावर उठून बसला. "रुंदी किती?"

"आपल्या घराएवढी. आणि पूर्व-पश्चिम."

"तिथं मुळं खाली जात नसणार," पायलान म्हणाला. "माझ्या आजाच्या आजापासून पाय आपटलेत आम्ही तिथं. मातीचा दगड झालाय." मग तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच बघितलं.

आमच्यात खेळाडू गेला की त्याचा वेन्यो त्याच्यासोबत पुरतात. मीही मनाची तयारी केली होती. पण जायच्या आधी पायलान म्हणाला, "काठी पुरू नका. सामना बाकी आहे. किन्तूला द्या."

त्याला माती देऊन लोक घरी गेले नाहीत. कुऱ्हाडी घेऊन तारेपलीकडे गेले. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाले होते, आता पुरे. खुरटी झाडं पडायला लागली. कंपनीचे राखणदार धावत आले. "लाकूड पळवायला रस्ता काढताय काय?"

"ह्या खुरट्या लाकडानं चूलसुद्धा पेटत नाही," किन्तुराय म्हणाली. "खेळायची जागा साफ करतोय."

पोलिसांनी सगळ्यांना हुसकावलं. लोक परत आले आणि तिथंच झोपड्या बांधून राहिले. पोलिसांनी झोपड्या मोडल्या. लोकांनी त्याच फळ्यांच्या पुन्हा बांधल्या. किन्तुरायला गाडीत घालून नेलं. सुटली तशी ती घरी न जाता थेट मैदानावर आली आणि खुंट उपटायला लागली. बायका अनवाणी फिरून मातीतली टोचणारी मुळं पायांनी शोधायच्या आणि काढायच्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर मोडणारेच कंटाळले. जमिनीचा खटला अजून चालू आहे, पण लोक हलले नाहीत.

मग किन्तुराय नदीपलीकडे गेली आणि रीतीनं बोलावणं देऊन आली.

सामन्याच्या सकाळी दोन्ही काठांची माणसं जमली. आधी पूजा झाली, कित्येक वर्षांनी, उभं राहायला जागा होती म्हणून. पोलिसांची गाडी आली आणि गर्दी बघून लांबच थांबली. लिन्कोपानला त्याच्या दोन माणसांनी आधार देऊन आणलं होतं. मैदानावर पोचताच त्यानं वहाणा काढल्या, हात सोडवून घेतले आणि तो खळग्यापाशी येऊन उभा राहिला.

"माझा गडी कुठाय?"

"मी आहे, काका," किन्तुराय म्हणाली आणि मला पुढे धरलं.

त्यानं मला ओळखलं. माझा टवका उडाला होता त्या जागेवरून बोट फिरवलं. "वाक पोरी. म्हातारा समजून सोडशील तर बघ."

तिनं सोडलं नाही. मीही सोडलं नाही. पहिला चेंडू आम्ही काढला, दुसरा त्यांनी. शेवटी आम्ही हरलो. खोटं कशाला सांगू? आमची पोरं अजून शिकतायत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात. जपा, पण आढ्याला खोचून नको. ज्या मातीत तिचं काम आहे तिथं तिला न्या, आणि ती माती गेली असेल तर आधी ती परत मिळवा.

खेळ संपल्यावर किन्तुरायनं बापाच्या जागी बसून लिन्कोपानचं ताट वाढलं. मटणाचे मऊ तुकडे निवडून दिले, धान्य आंबवून केलेल्या मुदाईचा पेला भरला. तो पोटभर जेवला. मग त्यानं नदीपलीकडे बघितलं. तिकडेही टेकडीवर पाइनच होते, ओळीनं.

"आता बोलावायची पाळी माझ्यावर आली," तो म्हणाला. "पण आमचंही मैदान झाडांखाली गेलंय, पोरी. तुझ्या बापाला कधी बोललो नाही. त्याची थट्टा कोणत्या तोंडानं केली असती मग?"

"माहीत आहे, काका," किन्तुराय म्हणाली. "कुऱ्हाडींना धार लावून ठेवलीय. जेवण झालं असेल तर निघू."