डॉक्टरांचा उजवा बूट

मी उजवा बोलतोय. डावा माझ्या शेजारीच आहे, पण तो मुळातला अबोल. त्यामुळे आम्हा दोघांची हकिगत मलाच सांगावी लागते.

आम्ही सायकलचे बूट. वरून पाहिलं तर चारचौघांसारखेच: राखी कापड, नाडी आणि वर एक रुंद पट्टा. वेगळेपण तळाला आहे. चवड्याखालच्या रबरात एक खाच आहे आणि त्या खाचेत दोन स्क्रूंनी बसवलेली लोखंडी पट्टी. ती पेडलच्या जबड्यावर ठेवून दाबली की ‘खट्’ असा आवाज होतो आणि पाय पेडलला धरला जातो. टाच बाहेर वळवली की सुटतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यातला अंधार आणि चुरगाळलेला कागद तेवढा आठवतो. माझं आयुष्य सुरू झालं ते नगरच्या एका सायकलच्या दुकानात, रतनबाईंनी माझा तळ अंगठ्यानं दाबून पाहिला तेव्हा.

रतनबाईंचे यजमान अमृत हे सोनईजवळ राहत आणि गुरांच्या दवाखान्यात नोकरी करत. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. “मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा,” असं ते प्रत्येकाला सांगत, आणि प्रत्येक जण ते ऐकून पुन्हा डॉक्टरच म्हणे. एकदा इंजेक्शन देताना एका म्हशीनं त्यांच्या गुडघ्याला बाजूनं लाथ मारली. हाड वाचलं, पण शीर दुखावली. तेव्हापासून उजवं पाऊल वर उचललं जाईना. मोटारसायकलचा ब्रेक उजव्या पायाला, म्हणून मोटारसायकल सुटली. सायकलवर बसले तर पाऊल पेडलवरून घसरे. आणि चप्पल तर पायात राहतच नसे. ती ओसरीवर मागं राही आणि डॉक्टर तीन पावलं पुढं गेलेले असत.

“अहो, मागं राहिली,” म्हणत रतनबाई ती उचलून आणून देत.

“दोघींतली एक तरी माझं ऐकत नाही,” डॉक्टर म्हणत.

“कोन दोघी?”

“चपला.”

आमच्या आधी एक जोड येऊन गेला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून डॉक्टरांनी तो फोनवरून मागवला. दिसायला देखणा, शर्यतीचा. तळ गुळगुळीत आणि कडक, पट्टी बाहेर आलेली आणि तिला तीन स्क्रू. पेडल मात्र त्यांनी दोन स्क्रूंच्या पट्टीचे घेतले होते. एकात दुसरं बसेना. शिवाय तो जोड घालून ते गोठ्याच्या ओल्या फरशीवर उतरले आणि सरळ गव्हाणीपर्यंत घसरत गेले. स्टँडजवळ सायकलचं दुकान असलेले पीरमहंमद तो जोड हातात घेऊन म्हणाले, “डॉक्टर, कुलूप एकाचं, किल्ली दुसऱ्याची. बूट आन् पेडल संगंच बघायचं असतं. सोयरीक हाय ती.”

म्हणून त्या दिवशी दोघं नवरा-बायको नगरला आले होते. दुकानातल्या माणसानं एकेक चकचकीत जोड काढला.

“ह्याच्यानं शेनात चालता येतं का?” रतनबाईंनी विचारलं.

“काकू, हे सायकलिंगसाठी आहेत.”

“सायकल गोठ्याच्या दारापत्तोर. तिथनं पुढं?”

त्यानं वरच्या फळीवरून आम्हाला काढलं. पट्टी खोल खाचेत, भोवती रबराचे जाड ठोकळे, चवड्याशी थोडा वाकणारा तळ. पेडलही त्यानं तसेच दाखवले. एका बाजूला जबडा, दुसरी बाजू सपाट, म्हणजे साध्या पायानंही सायकल चालवता यावी. डॉक्टरांनी पट्टा आवळला आणि दुकानाच्या टोकापर्यंत जाऊन आले.

“राहतोय का?” रतनबाईंनी विचारलं. दुकानदाराला नाही, त्यांना.

“राहतोय.”

रतनबाई शिंगणापूरच्या. पेडलचा जबडा बोटानं दाबून पाहत त्या म्हणाल्या, “माझ्या माहेरी दाराला कुलूप न्हाई आन् तुमी पायाला लावून घेताय.” दुकानदारही हसला.

पीरमहंमदांनी जबड्याची स्प्रिंग सैल करून दिली. डॉक्टरांनी भिंतीला धरून सराव केला. तरी पहिल्याच आठवड्यात घोडेगावच्या बाजारात ते पाय सोडवायला विसरले आणि सायकलसकट आडवे झाले. एका कांद्याच्या टेम्पोवाल्यानं हात देऊन उठवलं. “म्हशीनं पाडलं ते पाडलं, आता सायकलीनंबी पाडायला घेतलं व्हय डॉक्टर?” तो म्हणाला.

पुढं सवय झाली. थांबायचं असलं की आधी डावा सुटायचा आणि जमिनीला लागायचा. मी वरच, पेडलला धरून. म्हणून डाव्याचा तळ लवकर झिजला. माझं काम निराळं होतं. ते निसटतं पाऊल मी धरून ठेवायचं. गोठ्यातून बाहेर आलं की डॉक्टर दगडावर बसून बाभळीच्या काट्यानं माझ्या खाचेतलं शेण काढत. तसं न करता पेडलवर ठेवलं तर मी बसत नसे. वासराला धरावं तसं ते मला मांडीवर धरत.

रोज सकाळी ओसरीवरून तोच प्रश्न यायचा. “राहतोय का?” आणि अंगणातून तेच उत्तर जायचं.

मग एका सकाळी त्यांनी आम्हाला पायात घातलं नाही. छातीत कळ आली, गाडी आली आणि त्यांना अनवाणीच नेलं. परत आणलं तेव्हा घरात इतकी माणसं जमली की आम्ही त्यांच्या चपलांच्या ढिगाखाली गेलो. माणसं दुःखालाही चपला दाराबाहेर काढूनच भेटतात, हे मी तेव्हा पाहिलं. आमच्यावरचा ढीग संध्याकाळी कमी झाला. आम्ही तिथंच होतो.

डॉक्टरांची बहीण गोजरबाई म्हणाली, “वयनी, शनिवारी शिंगणापूरला नेऊन सोड हे बूट. पीडा तिथंच राहील.”

“माझ्या माहेरी?” रतनबाई म्हणाल्या. “लहानपनापासून सोडलेल्या चपलांचे ढीग बघितलेत मी तिथं. ह्यांच्या बुटात पीडा नव्हती, वन्सं. पायात होती. बुटानं ती सांभाळली.”

तेराव्याला दानाच्या वस्तू पाटाशेजारी मांडल्या. छत्री, काठी, तांब्या आणि नवी कोरी चप्पल. विधीला पुतण्या बसला होता. पुढची वाट उन्हाची, काट्यांची असते, म्हणून हे द्यायचं, असं गुरुजींनी समजावून सांगितलं. गुरुजी वयस्कर. या गावातून त्या गावात पायीच जाणारे.

रतनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चप्पल पाहून म्हणाल्या, “गुरुजी, ही ह्यांच्या पायात राहायची न्हाई.”

“अगं, तिथं काय पाय बघत्यात का?” गोजरबाई हळूच म्हणाली.

“मागं राहिली तर तिथं उचलून कोन देईल?”

रतनबाई उठल्या, बाहेर आल्या आणि त्यांनी आम्हाला पदरानं पुसून पाटाशेजारी ठेवलं.

“वहिनी, दानाला जुना जोड चालत नाही,” गुरुजी म्हणाले.

“नव्या जोडाला त्यांचा पाय ठाऊक न्हाई.”

गुरुजींनी मला हातात घेऊन तळ पाहिला. मग म्हणाले, “रीत नव्या जोडाची आहे, ते खरं. पण नवे जोड माझ्या घरी माळ्यावर पडून असतात. पडून राहिलेलं काय पोचणार? मला हे झाले, तर मी घालून चालेन.”

त्यांनी पाय घातला. थोडे सैल झालो आम्ही. उभे राहिले तेव्हा शहाबादी फरशीवर माझी पट्टी कर्र वाजली, कारण रबर आता तिच्या बरोबरीला झिजलं होतं. अंगणात बसलेल्या पीरमहंमदांना हाक गेली. त्यांनी स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसलेली माती सुईनं उकरली आणि पट्ट्या सोडवल्या.

“त्या काढल्यावर सुटायचा न्हाई ना?” रतनबाईंनी विचारलं.

“नाही भाभी. चालताना वरचा पट्टा धरतो. हे लोखंड सायकलीपुरतं.”

त्यांनी दोन्ही पट्ट्या रतनबाईंच्या हातावर ठेवल्या. थोड्या वेळानं भिंतीशी लावलेल्या सायकलीकडून आवाज आला. खट्. मग पुन्हा एकदा खट्. तळहातानं दाबून रतनबाईंनी त्या पेडलच्या जबड्यात बसवल्या होत्या. अजून तिथंच आहेत.

आता मी गुरुजींच्या पायात असतो. खाच मातीनं भरली आहे, टाचेची शिवण उसवत आली आहे. डावा आणि मी आता सारखेच झिजतो. वाटेत तुम्हाला कुणाची चप्पल मागं राहिलेली दिसली, तर एवढं करा, उचलून द्या. पुढं गेलेल्याला कधी कधी ते कळलेलं नसतं.

महिन्याच्या दिवशी गुरुजी डॉक्टरांच्या घरी गेले. विधी झाला, ते अंगणात उतरले. ओसरीवर रतनबाई उभ्या होत्या. त्या गुरुजींच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

“राहतोय का?”

गुरुजींनी उजवं पाऊल उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि मग पुढं टाकलं.

“राहतोय, वहिनी.”