मॅडम सोलिंगसाठी सपाता

"चपला दिल्यास? मॅडमना?" मनांग फेने तोंडाशी नेलेला तांदळाच्या बिबिंका केकचा तुकडा तसाच केळीच्या पानावर ठेवला. "अगं इंदाय, अख्ख्या इलोइलोच्या बाजारात तुला चपलाच दिसल्या?"

"चपला नाहीत, सपाता आहेत," जिंकी हळू आवाजात म्हणाली. "मऊ. चिठ्ठीत ‘काहीतरी मऊ’ असंच लिहिलं होतं ना."

"उशी मऊ नसते? टॉवेल मऊ नसतो?"

जिंकी पालमारेस कचेरीत सर्वांत नवी होती. हिशेबखात्यातल्या फेला ती मनांग, म्हणजे ताई, म्हणायची; फे तिला इंदाय, म्हणजे पोरी. बाजारातल्या, दवाखान्यांतल्या, सोनारांच्या काट्यांची वजनं तपासून त्यांना दाखला द्यायचा, हे कंपनीचं काम. आकडे जुळवून दाखले लिहायचे, हे जिंकीचं. तिची सहा महिन्यांची उमेदवारी एकतीस डिसेंबरला संपत होती. पुढे कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मॅडम सोलिंगच्या सहीवर होतं. आणि नाताळच्या गुप्त भेटींसाठी चिठ्ठ्या उचलल्या तेव्हा जिंकीच्या हाती नेमकं मॅडमचंच नाव आलं होतं. दर शुक्रवारी, त्या आठवड्याच्या चिठ्ठीत सांगितल्यासारखी एक भेट नाताळच्या झाडाखाली टोपणनावानं ठेवायची आणि शेवटच्या दिवशी, पार्टीत, सर्वांसमोर आपलं खरं नाव सांगायचं, असा नियम होता.

सपाता तिनं विचार करूनच घेतल्या होत्या. दुपारी तीननंतर मॅडम टेबलाखाली हळूच बूट काढतात आणि एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा चोळतात, हे तिनं चार महिने पाहिलं होतं. पण ज्याला पादत्राण भेट द्यावं तो आपल्यापासून चालता होतो, ही गोष्ट लहानपणापासून माहीत असूनही दुकानात मात्र तिला आठवली नाही.

"आता काय करायचं?"

"करायचं काय! एक तर त्या तुला सोडणार, नाही तर तू त्यांना. कसंही धर, नोकरी गेली." मनांग फेला हळहळ वाटत होती, पण थोडी मजाही येत होती. "उतारा एकच. त्यांनी तुला नाणं द्यायला हवं. एक पेसो. म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतलेली होते."

"पण त्यांना कुठं माहीत आहे मी दिल्यात ते?"

"तेच तर! त्यांना न कळता त्यांच्याकडून पेसो काढ."

पलीकडच्या टेबलावर एल्मर पितळी वजनं मऊ कापडाने पुसत होता. तो मान वर न करता म्हणाला, "त्यापेक्षा भिंतीकडून काढ. सोपं जाईल."

सोमवारी जिंकी फाईल घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. टेबलाखाली करड्या सपाता होत्या, आणि त्यांत मॅडमचे पाय. तिला एकाच वेळी बरंही वाटलं आणि धडकीही भरली.

"मॅडम, एक पेसो सुटा आहे का? जीपनीच्या भाड्याला कमी पडतोय."

मॅडमनी खण उघडला. टाचण्यांच्या डबीत एकच नाणं होतं. त्यांनी डबी बाजूला सरकवली आणि पर्समधून वीसची नोट काढली.

"हे घे."

"तो पेसो चालला असता, मॅडम."

"तो नाही द्यायचा. तो दुसऱ्या कुणाचा आहे." मग चष्म्यावरून पाहत त्या म्हणाल्या, "आणि बावीस नंबरच्या दाखल्यात दशांश चिन्ह एक घर सरकलंय. सोनार तुला दुवा देईल, गिऱ्हाईक नाही."

नोट हातात घेऊन जिंकी बाहेर आली. नोटेनं उतारा होतो का, असं तिनं विचारलं. मनांग फेनं मान हलवली. "नाणंच हवं. आणि जीपनीसाठी दिलेलं चपलांसाठी कसं चालेल?"

बुधवारी एल्मरलाच दया आली. बाटल्यांची बुचं ठोकून चपटी केलेली, तारेत ओवलेली खुळखुळ्याची माळ त्यानं घरून आणली आणि दोघं मॅडमच्या दाराशी नाताळची गाणी म्हणायला उभी राहिली. गाणाऱ्याला नाणं द्यायचं हे तर शेंबडं पोरही जाणतं. मॅडमनी पेन खाली ठेवून तिन्ही कडवी शांतपणे ऐकली.

"दुसऱ्या कडव्यात तुम्ही अर्धा सूर वेगळे होता," त्या म्हणाल्या, आणि दोघांच्या हातांवर एकेक संत्रं ठेवलं.

"भिंत बरी," परत येताना एल्मर म्हणाला. त्यानं संत्रं सोललं. "पण गोड आहे हं."

पार्टी शुक्रवारी दुपारी झाली. टेबलं भिंतीला लावली होती, खिडकीत कागदी चांदण्यांचे कंदील डुलत होते आणि पान्सितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, परातीभोवती गर्दी होती. हिशेबखात्याचं नृत्य झालं. त्यात मनांग फेची टोपी उडून केकवर पडली. सगळे पोट धरून हसले. जिंकीनं अजून ताटही घेतलं नव्हतं. गुप्त नावं उघडायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली.

"मॅडम, सपाता मी दिल्या. मला माहीत आहे त्या द्यायच्या नसतात. तुमचे पाय दुखतात, एवढंच डोक्यात होतं."

 मॅडम सोलिंग उठल्या. त्या पार्टीलाही त्या सपाता घालून आल्या होत्या. त्यांनी खिशातून टाचण्यांची डबी काढली.

"अखेर सापडलीस!" त्यांनी नाणं जिंकीच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटली. "पहिल्या दिवसापासून हा पेसो बाजूला ठेवलाय. देणार कुणाला? पायांना आराम होता, जिवाला नव्हता."

"तुम्हीपण मानता हे, मॅडम?" एल्मरनं विचारलं.

"मी पदार्थविज्ञान शिकलेय. नाही मानत." मॅडम जिंकीकडे वळल्या. "पण तुझ्या जागेवरच्या पहिल्या मुलीनं मला बूट दिले, ती दुबईला गेली. दुसरीनं सँडल दिले, ती कॅनडाला. दोन नमुन्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तिसरा नमुना मात्र मला नकोय. तुला कायम करायच्या पत्रावर मी सोमवारीच सही केलीय. दशांश तेवढा सांभाळ."

मनांग फेनं पहिली टाळी वाजवली. जिंकीला रडू आलं आणि मग भूकही लागली. ती परातीकडे वळली.

तेवढ्यात मनांग फेनं आपली शेवटची भेट उघडली. या आठवड्याची चिठ्ठी होती ‘काहीतरी लांब’. आत स्वयंपाकाची लखलखीत सुरी होती. एल्मरनं ऐटीत कमरेत वाकून नमस्कार केला.

"अरे मेल्या, सुरी? धारदार वस्तूनं संबंध तुटतात, ठाऊक नाही?" ती पर्स उलटीपालटी करू लागली. नोटा निघाल्या, कंगवा निघाला, जपमाळ निघाली. "इंदाय, तो पेसो दे ग पटकन!"

जिंकीनं मूठ घट्ट केली.

"हा नाही, मनांग," ती पान्सित वाढून घेत म्हणाली. "हा दुसऱ्या कुणाचा आहे. हवं तर वीसची नोट देते."