मालविकाच्या हातांचा वास

काशीत राजा घाटामागच्या एका घरात वॉशिंग मशीनला झेंडूचा हार घातला होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सून कपडे धुवायला लावी तेव्हा मशीनमधून जळका वास यायचा, म्हणून मांत्रिक धूम्रनाथ महाराजांना बोलावलं होतं. त्यांनी रिकामं मशीन सुरू केलं. वास नाही. मग त्यांनी भिजलेली गोधडी आत कोंबली आणि घरच्या सुनेला, मालविकाला, बटण दाबायला लावलं. दोन मिनिटांत जळका वास सुटला.

"चिता की गंध!" महाराज गरजले. "पहली बहू इसके हाथों में आ बैठी है!"

मालविकाचा नवरा प्रल्हाद याची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी आजाराने गेली होती. गर्दीने हात जोडले. रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीवर असलेला प्रल्हादही मान खाली घालून उभा राहिला.

मालविकाला मागच्या खोलीत कोंडलं. पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, असा हुकूम. फोनही काढून घेतला. सासूबाई शरदिनीबाई दाराबाहेर जप करत बसत.

"आई, दार उघडा ना!"

जप आणखी मोठ्याने होई. खिडकीच्या गजांपलीकडे हातभर अंतरावर शेजारची भिंत. मालविकाला स्वतःच्याच हातांची भीती वाटू लागली. ती ते पुन्हापुन्हा हुंगून बघे. नुसत्या घामाचा वास. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्या डोक्यात आलं, महाराजांच्या वेळी गोधडी कुठे होती?

संध्याकाळी महाराज आले. "इक्कीस दिन लगेंगे," म्हणाले.

मालविकाने दारावर थापा मारल्या. "आई, तीच गोधडी घाला, पण बटण महाराजांना दाबू दे! मी तर आत आहे!"

"आत्मा को दीवार नहीं रोकती," महाराज घाईने म्हणाले.

"बटण दाबायला काय हरकत आहे?" शेजारची देवश्री म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

शरदिनीबाई उठल्या. गोधडी भिजवून त्यांनीच आत टाकली. महाराजांना बटण दाबावंच लागलं. तोच वास आला.

"अब महाराज के हाथ में भी?" कुणीतरी हसलं.

देवश्रीने प्लग काढला. प्रल्हादने मागचं झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा झिजून गुळगुळीत झाला होता, खाली काळा भुगा पडला होता.

"ड्रम जड झाला की पट्टा घसरतो, रबर तापतं," देवश्री म्हणाली. "रिकाम्या ड्रमला तेवढा जोर लागत नाही."

महाराज कधी सटकले, कुणी पाहिलं नाही. शरदिनीबाईंनी कडी काढली. मालविका भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"एवढं झाकण उघडायचं होतं," ती प्रल्हादला म्हणाली, "मग मला का कोंडलंत?"



जळका वास आला तर आधी प्लग काढा, मग कारण शोधा. ते यंत्रातच सापडतं. त्यासाठी घरातल्या बाईला उपाशी ठेवावं लागत नाही.